ओपनर आवडला, नाव कळलं नाही: एका हरवलेल्या बँडच्या शोधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही तिघं. मी, माझी आतेबहीण (तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे लोक पण) आणि ताईच्या ऑफिसातला एक मित्र, ज्याला इथे दाढी म्हणू, कारण खऱ्या आयुष्यात पण त्याला तेच म्हणतात आणि तेवढ्यावरून तो कुणाला सापडायचा नाही. बाकी शहर, हॉल, बँड यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

लाइव्ह म्युझिकचं वेड तिघांनाही, पण एक सवय फार वाईट होती. तिकिटावर आठ लिहिलंय म्हणजे मेन बँड साडेनऊच्या आधी येत नाही हे एव्हाना पाठ झालेलं, त्यामुळे आम्ही आठला घरातून निघायचो. मधल्या वेळात जो कोणी बिचारा ओपनर, म्हणजे मेन बँडच्या आधी वाजवणारा, वाजवत असेल तो आमच्यासाठी पार्किंग, तपासणीची रांग आणि बाथरूम यांच्या मागे कुठेतरी घुमणारा आवाज. दाढीचं तर ठाम मत होतं की ओपनर म्हणजे फक्त स्पीकर गरम करायला ठेवलेला माणूस असतो.

गंमत म्हणजे इतिहास तिघांनाही माहीत होता. 1967 मध्ये गिटारवाला जिमी हेंड्रिक्स मंकीज या पॉप बँडच्या आधी वाजवायचा आणि समोरची शाळकरी पोरं मंकीजच्या नावाने ओरडत बसायची, शेवटी थोड्याच शोनंतर तो टूर सोडून गेला, हा किस्सा दाढीनेच मला किमान चार वेळा सांगितलाय. 1991 च्या अगदी शेवटी रेड हॉट चिली पेपर्सच्या आधी एकाच रात्री पर्ल जॅम आणि निर्वाणा हे पुढे जगभर गाजलेले बँड दोघंही वाजवायचे. तेव्हा आमच्यासारखे जे पार्किंगमध्ये टाइमपास करत असतील त्यांच्याबद्दल आम्ही हळहळायचो, आणि तेही स्वतः पार्किंगमध्ये उभं राहून.

त्या रात्री काय झालं

त्या दिवशी पार्किंग लगेच मिळालं. बस, एवढंच, बाकी आमचा काही मोठेपणा नाही. आत शिरलो तेव्हा ओपनरचं शेवटून दुसरं गाणं अर्ध्यावर आलेलं. हॉल निम्मा रिकामा, लोक पाठ फिरवून गप्पा मारतायत, स्टेजवर तीन जण आणि गाणारी मुलगी स्वतःच ड्रमवर बसलेली. मागे नाही, एकदम पुढे, कडेला, प्रेक्षकांकडे अर्धवट तोंड करून. एक जण बास गिटार वाजवत होता आणि एक जण कीबोर्डवर.

ते गाणं ठीकठाक होतं. मग शेवटचं सुरू झालं. सुरुवातीला फक्त काठी ड्रमच्या कडेवर, टक, टक, टक, बाकी काही नाही, त्यावर तिचा आवाज अगदी खालच्या पट्टीत आणि साधारण मिनिटभराने बास आला तेव्हा माझ्या शेजारचा माणूस बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून स्टेजकडे वळला. निम्म्या रिकाम्या हॉलमधली कुजबुज हळूहळू बंद होत गेली. अशा शांततेला मी टाळ्यांपेक्षा जास्त मानतो, कारण टाळ्या लोक सवयीने पण वाजवतात. दाढी काहीच बोलला नाही, आणि तो गप्प बसला म्हणजे काहीतरी घडतंय एवढं आम्ही ओळखतो.

गाणं संपलं, ती माइकमध्ये काहीतरी बोलली, बहुतेक बँडचं नाव, पण नेमकं त्याच क्षणी हॉलवाल्यांनी मधल्या वेळेचं रेकॉर्डेड म्युझिक धाडकन सुरू केलं. लाइट लागले. तिघं आपापल्या वायरी गुंडाळायला लागले.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

मेन बँड यायला अजून पंचवीस मिनिटं होती. याला चेंजओव्हर म्हणतात, ओपनरचं सामान उतरवायचं आणि पुढच्याचं लावायचं. ताई म्हणाली, "चला, मर्चच्या टेबलाकडे जाऊन येऊ, तिथे नाव तरी कळेल." तिचं बरोबर होतं. छोट्या बँडच्या मर्च टेबलावर बऱ्याचदा बँडमधलंच कोणीतरी उभं असतं, वायरी गुंडाळून झाल्या की तेच लोक टी-शर्ट विकायला येतात.

दाढी म्हणाला, "अगं, एवढी पुढची जागा मिळालीये, आता सोडलीस तर परत मिळणार नाही." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ताई, पोस्टरवर नाव आहे की ओपनरचं. घरी जाऊन बघू."

हे माझं वाक्य नंतर मला खूप दिवस ऐकवलं गेलं.

दोघांचाही मुद्दा तसा चुकीचा नव्हता, हे लिहून ठेवतो. जागा खरंच गेली असती. पोस्टरवर खरंच एक नाव होतं. पण तिघांपैकी एकाने जाऊन यायचं आणि दोघांनी जागा धरायची हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि शाळेच्या ट्रिपमध्ये बसची सीट धरणाऱ्या पोरांना पण एवढं सुचतं.

अडचण

घरी येऊन पोस्टरवरचं नाव शोधलं. एक माणूस निघाला. एकटा, हातात अकुस्टिक गिटार, मऊ आवाज, पाऊस पडत असताना ऐकावीत अशी गाणी. छान होता, पण आमचा नव्हता. सगळी गाणी ऐकली, कुठेच ती मुलगी नाही, ड्रम तर औषधालाही नाही.

मला वाटलं एकाच नावाचे दोन कलाकार असतील, स्ट्रीमिंगवर असा घोळ नेहमीचा असतो, दोन वेगळ्या लोकांची गाणी एकाच पानावर येऊन पडतात. त्या शक्यतेवर मी दोन दिवस घालवले. दाढीची थिअरी अजून भारी होती. त्याच्या मते तो माणूसच टूरवर बँड घेऊन आला असणार आणि त्या रात्री गायची पाळी ड्रमरची असणार.

म्हणजे आमच्या हातात काय होतं, तर ताईने काढलेला 40 सेकंदांचा व्हिडिओ, उभा, ज्यात अर्धा वेळ कोणाचं तरी डोकं. एक ओळ, जी मला 'जिन्यातला दिवा' अशी काहीतरी ऐकू आली होती आणि दाढीला 'खिडकीतला वारा'. आणि एक नाव जे बहुतेक चुकीचं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला सगळ्यात आळशी पर्याय, व्हिडिओ शझाम या गाणी शोधून देणाऱ्या अ‍ॅपला ऐकवायचा. इथे एक गोष्ट माहीत असती तर वेळ वाचला असता. शझाम गाणं 'ओळखत' नाही, ते एका ठरावीक रेकॉर्डिंगचा ठसा ओळखतं. आवाजातल्या ठळक बिंदूंची एक खूण बनते आणि ती त्यांच्याकडे साठवलेल्या रेकॉर्डिंगच्या खुणेशी जुळवली जाते. तेच गाणं स्टेजवर थोडं हळू, थोडं वेगळं वाजलं की खूण जुळत नाही. म्हणजे लाइव्हसाठी हे हत्यार मुळातच बोथट. एक अपवाद, जे बँड स्टुडिओतलं रेकॉर्डिंग मागे लावून त्यावर वाजवतात ते कधीकधी सापडतात. आमचे तिघं तसले नव्हते.

दुसरा पर्याय, ओळ शोधायची. तिसरा, हॉलला मेल टाकून विचारायचं. चौथा, मेन बँडच्या अकाउंटवर विचारायचं, जिथे रोज हजार लोक काहीतरी विचारत असतात. पाचवा, त्याच टूरच्या दुसऱ्या शोला गेलेल्या लोकांनी काही लिहून ठेवलंय का ते बघायचं. सहावा दाढीचा, सोडून द्या, नशिबात असेल तर परत भेटतील.

सहाव्याची बाजू पण ऐकण्यासारखी होती. तो म्हणाला, "दीड गाणं ऐकलंय आपण. दीड. त्या रात्रीचा मूड असेल, हॉल असेल, पार्किंग लगेच मिळाल्याचा आनंद असेल. रेकॉर्ड ऐकून पचका झाला तर?" हे मला आजही खोडता येत नाही, कारण पुढे एका वेगळ्या ओपनरच्या बाबतीत नेमकं हेच झालं, ते खाली येईलच.

ताईचं उत्तर एवढंच होतं, "पचका झाला तर झाला, पण तो ऐकून होऊ दे."

काय केलं

क्रम चुकला आमचा, हे आधीच सांगतो. जे सोपं ते आधी केलं, जिथून उत्तर मिळायची शक्यता जास्त ते शेवटी.

शझामने दोन वेळा दोन वेगवेगळी गाणी दाखवली, दोन्हींचा काडीचा संबंध नाही. ओळ शोधून काहीच नाही, जिना पण नाही आणि खिडकी पण नाही. हॉलला मेल केला, चार दिवसांनी फार सौजन्याचं उत्तर आलं आणि त्यात तेच पोस्टरवरचं नाव होतं.

हा दुसरा निर्णयाचा क्षण. अधिकृत उत्तर आलंय, ते मानायचं का? दाढीने केस बंद केली. मीही जवळजवळ मानलं, कारण हॉलवाल्यांनाच माहीत नसेल तर कोणाला असणार. ताईने मात्र एक साधी गोष्ट बोलून दाखवली, "त्यांनी पोस्टर बघूनच उत्तर दिलंय रे. त्या रात्री स्टेजजवळ जो होता त्याला विचारलेलं नाही." ऑफिसात वर्षानुवर्षं मेल लिहिणाऱ्या बाईलाच हे कळू शकतं.

मग व्हिडिओ थांबवून थांबवून बघणं सुरू झालं. एका फ्रेममध्ये कडेला काळी पेटी दिसत होती, ज्यात ते सामान नेतात ती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात छापलेली अक्षरं. आम्ही नाचलोच. अक्षरं वाचायला अर्धा तास गेला, शोधलं तर ती साउंडचं सामान भाड्याने देणारी कंपनी निघाली. दुसऱ्या एका फ्रेममध्ये मोठ्या ड्रमच्या पुढच्या कातड्यावर एक अर्धवट चित्र दिसत होतं, पक्ष्याचा पंख किंवा पान. मी चार रात्री पंखवाल्या लोगोचे बँड शोधत बसलो. त्या पंखाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, आत्ता लाज वाटतेय.

जवळजवळ तीन आठवड्यांनी, तोपर्यंत दाढीने विषय काढायला बंदी घातलेली, ताईने पाचवा पर्याय नीट केला. सेटलिस्ट डॉट एफएम म्हणून साइट आहे, तिथे लोक शोला जाऊन आले की कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजली ते भरतात. आमच्या शोच्या पानावर ओपनरची जागा रिकामी होती, म्हणून मी ते आधीच बघून सोडून दिलं होतं. ताईने आमचा शो सोडून त्याच टूरचे पुढचे शो बघितले. तिसऱ्या पानावर कोणीतरी ओपनर भरला होता आणि ते नाव पोस्टरवरचं नव्हतं.

मग सगळं जुळलं. पोस्टरवरच्या त्या गिटारवाल्याचा आवाज बसला होता आणि त्याने टूर मधेच सोडली होती. त्याच्या जागी हे तिघं ऐन वेळी आले, इतक्या ऐन वेळी की हॉलच्या कागदावर सुद्धा जुनंच नाव राहिलं. ही काही जगावेगळी गोष्ट नाही. 2006 मध्ये एरिक चर्च हा कंट्री गायक दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वाजवतो म्हणून त्याला रास्कल फ्लॅट्स या बँडच्या टूरवरून काढलं आणि त्याच्या जागी जी 16 वर्षांची मुलगी आली ती टेलर स्विफ्ट. त्या शोंना जुनं पोस्टर बघून गेलेल्या कोणीतरी घरी येऊन चुकीच्या माणसाची गाणी शोधली असतीलच की. तेव्हा ओपनरच्या बाबतीत छापील नाव म्हणजे अंदाज समजायचा, पक्की माहिती नाही.

त्या बँडचं पान उघडलं. तीन गाण्यांचा एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, बस एवढंच. पहिल्या गाण्याच्या चौथ्या सेकंदाला आवाज ओळखला. पण आमचं गाणं त्यात नव्हतं. कुठेच नव्हतं, कारण ते तेव्हा रेकॉर्डच झालेलं नव्हतं. म्हणजे शझामला मी ते हजार वेळा ऐकवलं असतं तरी काही उपयोग नव्हता, जगात त्याचं एकच रेकॉर्डिंग होतं आणि ते ताईच्या फोनमध्ये, कोणाच्या तरी डोक्यासकट.

हाती काय लागलं

गाणं साधारण आठ महिन्यांनी आलं. खरं सांगायचं तर रेकॉर्डवर ते थोडं सभ्य झालंय. काठीचा तो टक टक मागे गेलाय, वर कीबोर्डचा थर आलाय, बास आधीच आलाय त्यामुळे ते वाट बघणं राहिलं नाही. दाढीला रेकॉर्ड जास्त आवडलं, ताईला व्हिडिओ. ओळीत जिनाही नव्हता आणि खिडकीही नव्हती, 'गच्ची' होती.

पण या प्रकरणाने आमच्या सवयी बदलल्या, आणि माझ्या मते खरी कमाई ती. पुढच्या वर्षभरात आम्ही 11 शो बघितले, सगळे दार उघडल्यापासून. त्यात मिळून 14 ओपनर झाले. ताईने वहीत नोंद ठेवली, म्हणून आकडे माहीत आहेत. 3 जण कायमचे प्लेलिस्टमध्ये आले. दोघं असह्य होते. बाकीचे बरे, ऐकले आणि विसरलो. हे प्रमाण कमी वाटत असेल तर त्या ऐवजी आम्ही पार्किंगमध्ये काय करत होतो ते आठवा.

आणि एक जण वर म्हटलं तसा पचका. हॉलमध्ये त्याने जादू केली होती, घरी ऐकलं तर काहीच नाही, तीच गाणी पण जीव नाही. दाढीने "बघ, मी म्हणालो होतो" म्हणायची संधी सोडली नाही. मला त्यात वाईट काही वाटत नाही. काही लोक फक्त समोर उभं राहून ऐकायचेच असतात.

काही गोष्टी या वर्षात हळूहळू कळल्या. ओपनरची पहिली दोन गाणी मोजायची नाहीत. का, तर साउंडचेक, म्हणजे शोआधी आवाज तपासून घेणं, बऱ्याचदा उलट्या क्रमाने होतो, मेन बँडचा आधी आणि ओपनरचा शेवटी, म्हणजे ओपनरचं सामान तसंच स्टेजवर राहतं. मेन बँडने वेळ खाल्ला की ओपनरच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, कधी तीही नाहीत, फक्त प्रत्येक वायरीतून आवाज येतोय ना एवढं बघायचं आणि वाजवायला लागायचं. त्यामुळे साउंडवाला खरा मिक्स, म्हणजे कोणाचा आवाज किती ठेवायचा ते, पहिल्या दोन गाण्यांमध्ये लोकांसमोरच लावत असतो. त्यात हॉल रिकामा, आणि माणसांची अंगं, कपडे आवाज शोषतात, ती नसली की भिंतींवरून सगळं घुमून परत येतं. शब्द कळत नाहीत ते गाणाऱ्याचा दोष असेलच असं नाही.

म्हणून आता आम्ही ओपनरच्या वेळी स्टेजला चिकटत नाही. मागे साउंडवाल्याचं टेबल असतं त्याच्या पुढ्यात उभं राहतो, कारण तो माणूस त्याच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरून सगळं लावतो, मग त्याच्याच कानाशेजारी आपला कान ठेवावा. मेन बँडच्या आधी पुढे सरकायचं असेल तर एकाने पुढे थांबायचं, पाळीपाळीने. (इअरप्लगही तेव्हापासून सुरू केले. दोन बँड म्हणजे कानांना दुप्पट वेळ मार, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी जी वरची मर्यादा सांगितली ती सरासरी 100 डेसिबल आहे. पुढे स्पीकरजवळ उभं राहून बघा, मग 100 म्हणजे काय ते कळतं.)

आजूबाजूच्या गर्दीचा चेहरा बघून मत बनवणं पण सोडलं. 1981 च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी गायक प्रिन्स उभा राहिला तर लोकांनी हुर्यो उडवली, हातात येईल ते फेकलं. ती गर्दी वाईट नव्हती, ती फक्त दुसऱ्या कोणासाठी आलेली होती. ओपनरपुढची गर्दी नेहमीच दुसऱ्या कोणासाठी आलेली असते.

वेगळं काय करता आलं असतं

एक, आणि बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ आहे, चेंजओव्हरमध्ये एकाने मर्च टेबलाकडे जायचं. पंचवीस मिनिटांचं काम तीन आठवड्यांवर गेलं. ओपनर 'शोधणं' हे लोकांना वाटतं तसं चांगल्या कानाचं काम नाहीये, ऐकू सगळ्यांनाच येतं, त्या हॉलमध्ये आमच्यासारखे शंभरेक लोक गप्प झाले होते. त्यातल्या कितीजणांना दुसऱ्या दिवशी सकाळी नाव माहीत होतं हा खरा प्रश्न.

शोध घेताना मी प्रत्येक वेळी आमच्याच रात्रीला चिकटून राहिलो. टूर म्हटली की तोच बँड दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाजवतो, तिथल्या कोणीतरी नाव नीट ऐकलेलं असतं. ताईला हे सुचायला तीन आठवडे लागले आणि मला सुचलंच नाही.

आधी ऐकून जायचं की कोरं जायचं यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. मानसशास्त्रात रॉबर्ट झायोंकने 1968 मध्ये दाखवलेली गोष्ट आहे की नुसतं पुन्हा पुन्हा समोर आलं तरी माणसाला ते आवडायला लागतं. दाढी त्याचा आधार घेतो आणि ओपनरची सगळी गाणी ऐकून येतो, म्हणतो की ओळखीचं गाणं लाइव्ह ऐकायला मजा येते. ताई म्हणते की तसं असेल तर ते आवडणं उसनं आहे, तिला ते टक टक आधी माहीत असतं तर ती दचकली नसती. मी मधला मार्ग काढलाय, एकच गाणं ऐकायचं, तेही सगळ्यात जास्त ऐकलेलं नाही तर सगळ्यात नवीन, म्हणजे हे लोक कुठल्या अंगाचे आहेत एवढं कळतं आणि बाकी शिल्लक राहतं. अर्थात आमच्या केसमध्ये पोस्टरवरचा गिटारवाला ऐकून गेलो असतो तर हाती भोपळाच होता.

व्हिडिओबद्दल पण थोडं. ताईच्या 40 सेकंदांमुळे आवाज ओळखता आला हे खरं, पण त्या 40 सेकंदांत ती स्क्रीनकडे बघत होती आणि बास आला तो क्षण तिने फोनमधून ऐकलाय. आता आम्ही व्हिडिओ काढत नाही, शेवटचं गाणं सुरू झालं की फोनवर रेकॉर्डर लावून खिशात टाकतो, अर्थात जिथे परवानगी असेल तिथे. स्टेजवर पायाशी चिकटवलेला गाण्यांचा कागद दिसला तर फोटो काढतो, फक्त त्यावरच्या नावांवर विश्वास ठेवत नाही. बँडवाले त्यावर आपापसातली टोपणनावं लिहितात, एकदा आम्हाला एका गाण्याचं नाव नुसतं 'लांबवालं' असं सापडलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते तिघं एका छोट्या हॉलमध्ये स्वतः मेन बँड म्हणून आले. आम्ही दार उघडायच्या आधी हजर, दाढीसुद्धा. शो संपल्यावर ताई थेट मर्च टेबलाकडे. ती ड्रमवाली मुलगी तिथेच होती, घामाने भिजलेली, टी-शर्टच्या घड्या घालत. ताईने तिला सगळी कथा सांगितली, पोस्टर, मेल, पेटीवरची अक्षरं, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि हा चार रात्री तुमच्या ड्रमवरचा पंख शोधत होता."

ती क्षणभर गोंधळली, मग हसायलाच लागली. तो ड्रम त्यांचा नव्हताच. ऐन वेळी आल्यामुळे त्यांच्याकडे पूर्ण सामान नव्हतं आणि मेन बँडने त्यांचा जास्तीचा सेट वापरायला दिला होता. म्हणजे मी चार रात्री ज्याचा लोगो शोधत होतो त्या बँडचं तिकीट तेव्हा माझ्या खिशात होतं.

"पण नाव तरी सांगायचं ना तुम्ही," दाढी म्हणाला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."